युरियाची गोणी आणि गोठ्यातील शेण

युरिया हे खत आज प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. तथापि हे खत कशापासून तयार होते असा प्रश्न गावात विचारला, तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. सुपर फॉस्फेटप्रमाणे तेही खाणीतील दगडापासून करीत असावेत, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः युरियाचा मूळ कच्चा माल म्हणजे नैसर्गिक वायू होय. या वायूतील मिथेनवर वाफेची क्रिया करून हायड्रोजन काढतात, त्याचा हवेतील नत्राशी मोठ्या दाबाखाली व चारशे अंशांहून अधिक उष्णतेत संयोग घडवून अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया बनवितात. वायूचा मोठा भाग कच्चा माल म्हणून खर्ची पडतो; उरलेला भाग एवढी उष्णता व दाब निर्माण करण्यासाठी जळतो.

एक टन युरियास सुमारे साडेसहाशे ते सातशे घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीमागे जवळजवळ ३० घनमीटर वायू खर्च झालेला असतो. सुरू उसास हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ते सर्व नत्र युरियातून द्यावयाचे म्हटले तर १२ गोण्या लागतात. म्हणजेच एका हेक्टर उसाच्या नत्रापोटी सुमारे ३६० घनमीटर वायू खर्ची पडतो. भारतात वर्षास सुमारे साडेतीनशे लाख टन युरिया वापरला जातो. देशात नैसर्गिक वायूचा सर्वांत मोठा ग्राहक खत उद्योग आहे, यात आश्चर्य नाही.

हा वायू येतो कोठून, हा पुढील प्रश्न. १९७४ साली मुंबईनजीकच्या समुद्रात तेल व वायूचा साठा सापडला. त्यानंतर रायगड जिल्ह्यातील थळ येथे वायूवर चालणारा मोठा खत कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला. त्या काळी घरचाच वायू पुरेसा वाटत होता. पुढे कारखाने वाढले, शहरांतून नळाने वायू जाऊ लागला, आणि जुन्या विहिरींचे उत्पन्न मात्र वाढत्या मागणीस पुरे पडेनासे झाले. तेव्हा परदेशातून वायू आणणे भाग पडले. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते. असा द्रव वायू खास जहाजांतून आणून बंदरात पुन्हा वायुरूप करतात. गुजरातेत दहेज येथे २००४ साली आणि रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ येथे २०१३ साली अशी सोय सुरू झाली. आज देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा वायू बाहेरून येतो. त्यात कतार देशाचा वाटा मोठा असून तेथील जहाजांना होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून यावे लागते. २०१५ पासून सर्व युरिया कारखान्यांसाठी देशी व परदेशी वायूच्या किमती एकत्र करून सरासरी दर ठरविला जातो. त्यामुळे कारखाना कोणताही असो, त्याच्या गोणीत परदेशी वायूचा भार असतोच.

२०२२ साली युक्रेनवर रशियाने आक्रमण केले, रशियाचा वायू युरोपास मिळेनासा झाला आणि युरोपातील देशांनी वाटेल त्या दराने जहाजे विकत घेण्यास प्रारंभ केला. भाव कित्येक पटींनी चढले. भारताची आयात त्या वर्षी घटली व काही कारखान्यांचा वायुपुरवठा कमी करावा लागला. गावातील शेतकऱ्यास मात्र गोणी नेहमीच्याच, म्हणजे सुमारे २६६ रुपये या दराने मिळत राहिली, कारण मधला फरक शासनाने भरला. हा फरक गोणीच्या विक्रीकिमतीच्या कित्येक पट असतो. शेतकऱ्यास झळ लागली नाही हे चांगलेच झाले. परंतु त्यामुळेच ही गोणी किती महाग आहे व तिची दोरी किती दूरच्या हाती आहे हेही त्याच्या ध्यानात आले नाही.

घरचा मिथेन

नैसर्गिक वायूत ज्वलनशील असा जो मुख्य घटक आहे, तो मिथेन शेणापासूनही मिळतो. हवाबंद टाकीत शेण व पाणी कुजू दिले की सूक्ष्म जीवाणू हा वायू निर्माण करतात. गोबर गॅसमध्ये साधारणतः ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. बाकीचा बहुतेक भाग न जळणारा कार्बन डायऑक्साइड असतो. श्री. जशभाई पटेल यांनी १९५० नंतरच्या दशकात लोखंडी तरंगत्या टोपाचे संयंत्र सिद्ध केले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. लोखंडी टोप गंजतो व महागही पडतो, म्हणून नंतर विटांच्या स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र आणि १९८४ साली त्याहून कमी खर्चाचे ‘दीनबंधू’ संयंत्र प्रचारात आले. महाराष्ट्राने या कामात देशात पहिला क्रमांक राखला असून आतापर्यंत राज्यात बांधलेल्या संयंत्रांची संख्या सुमारे नऊ लाख आहे.

बांधलेली आणि चालू असलेली यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. कोणत्याही तालुक्यात फिरणाऱ्या कार्यकर्त्याने हे पाहिले असेल की, कित्येक घुमटांवर आज जळण रचलेले असते आणि मिश्रण टाकीत कोंबड्या बसतात. म्हणून नव्या संयंत्राची नोंद करण्यापूर्वी जुने का बंद पडले हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. पाच-सहा माणसांच्या कुटुंबास स्वयंपाकासाठी दररोज दीड ते दोन घनमीटर वायू लागतो. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो ताजे शेण लागते. गाय किंवा बैल दिवसास सुमारे १० किलो शेण देतो, म्हैस १५ किलोपर्यंत देते, वासरू त्याच्या निम्म्याहून कमी. परंतु जनावर दिवसभर रानात चरत असेल तर गोठ्यात पडणारे शेण निम्मेच धरावे. मंजुरीच्या वेळी जनावरांची संख्या फुगवून सांगितली जाते आणि संयंत्र मोठे बांधले जाते. त्यातच एखाद्या दुष्काळी वर्षी बैलजोडी विकली जाते, किंवा ट्रॅक्टर आल्यावर बैल ठेवले जात नाहीत, आणि दोन घनमीटरच्या पोटात वीस किलो शेण पडू लागते. शेगडी अर्धा तास पेटून विझते. गृहिणी कंटाळून पुन्हा चुलीकडे किंवा सिलिंडरकडे वळते, आणि मग उरलेले शेणही टाकले जात नाही. कार्यकर्त्याने जनावरे स्वतः मोजावी, शक्य तर दोन दिवसांचे शेण घमेल्याने मोजून घ्यावे, आणि कमीत कमी जनावरांच्या हिशेबाने संयंत्राचे आकारमान ठरवावे. लहान संयंत्र भरपूर चालते. मोठे संयंत्र उपाशी राहून बंद पडते.

दुसरी अडचण पाण्याची. शेणाइतकेच पाणी मिसळावे लागते, म्हणजे रोज ५० लिटर. जेथे फाल्गुनापासून टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी कोठून आणावयाचे? बाहेर पडलेल्या स्लरीतील निवळ पाणी पुन्हा मिश्रणासाठी काही प्रमाणात वापरता येते. जनावरे धुतलेले पाणी व गोमूत्रही चालते. तरीसुद्धा उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे हाल असलेल्या वाडीत संयंत्राचा आग्रह धरू नये, हेच प्रामाणिकपणाचे होईल.

संयंत्राची राखण

जागा उन्हाची असावी, स्वयंपाकघराजवळ असावी आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पुरेशी दूर असावी. झाडाची मुळे घुमटास तडा पाडतात, म्हणून मोठ्या झाडाखाली खड्डा घेऊ नये. बांधकाम सरावलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. घुमटाच्या आतील गिलाव्यात केसाएवढी फट राहिली तरी वायू टिकत नाही, आणि पुढे ती फट शोधणे जिकिरीचे असते.

पहिल्या भरणीस बरेच शेण लागते. दोन घनमीटरच्या संयंत्रासाठी ते सुमारे दोन टन होते. शेण काही दिवस ओले राखून साठवता येते. त्यात माती, वाळू व काडीकचरा जाऊ देऊ नये. जवळच्या चालू संयंत्रातील चार-पाच पिंपे स्लरी आणून विरजणासारखी घातली तर काम लवकर सुरू होते. दोन-तीन आठवडे वाट पाहावी. आरंभी जो वायू येतो त्यात कार्बन डायऑक्साइड फार असतो, तो पेटत नाही. तो मोकळ्या हवेत जाऊ द्यावा. पेटतो की नाही हे पाहण्यासाठी टाकीच्या किंवा नळाच्या तोंडाशी कधीही काडी ओढू नये. परीक्षा शेगडीवरच करावी.

रोजचे काम म्हणजे समान शेण, समान पाणी, हाताने गुठळ्या मोडून चांगले कालवणे, खडे व काड्या काढून टाकणे आणि मग आत सोडणे. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. पण ते घरातील बाईमाणसावरच पडते. ज्या घरी शेण कालवण्याचे काम बाईने करावयाचे व नव्या संयंत्राचा निर्णय पुरुषाने घ्यावयाचा अशी वाटणी असते, त्या घरी संयंत्र फार दिवस चालत नाही. मंजुरीपूर्वी गृहिणीशी बोलणे हा कागदोपत्री उपचार समजू नये.

शेगडी मंद पेटू लागली की वायू कमी झाला असा समज होतो. पुष्कळदा दोष नळाचा असतो. टाकीतून येणाऱ्या वायूत बाष्प असते, ते नळाच्या खोलगट भागात पाणी होऊन साचते व वाट अडविते. ज्योत उड्या मारू लागली की हे ओळखावे व पाणी काढण्याची तोटी उघडून पाणी सोडावे. सांध्यांवर साबणाचा फेस लावला असता गळती बुडबुड्यांनी कळते. शेगडी गोबर गॅससाठी बनविलेलीच हवी. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर तिची छिद्रे बारीक असल्याने आच पुरी येत नाही, आणि दोष मात्र शेणास दिला जातो. लोखंडी टोपाचे संयंत्र असेल तर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोपास रंग द्यावा.

थंडीत वायू कमी येतो हे खरे आहे. जीवाणूंना सुमारे ३५ अंश उष्णता मानवते. टाकीतील उष्णता १५ अंशांजवळ गेली की ते जवळजवळ निजतात. नाशिक, धुळे या भागांत मार्गशीर्ष-पौषात हा अनुभव दरवर्षी येतो. पाण्याचे पिंप उन्हात ठेवून त्या कोमट पाण्यात दुपारी शेण कालवावे आणि घुमटाभोवती पाचट किंवा कुजत असलेल्या खताचा ढीग रचावा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. नवे संयंत्र दिवाळीनंतर भरू नये. जमल्यास उन्हाळ्यात भरावे.

एक सूचना येथे ठळकपणे देणे आवश्यक आहे. टाकी साफ करण्यासाठी किंवा आत पडलेली वस्तू काढण्यासाठी कोणीही आत उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायूही असतो. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध होतो, आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. असे अपघात राज्यात झालेले आहेत. टाकी उघडणे भाग पडले तर जाणकार यंत्रणेस बोलवावे.

कारखान्याची उष्णता

एका घराच्या शेगडीने कारखान्याचा वायू वाचत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गावातील शेगडी लाकूड, गोवऱ्या किंवा सिलिंडर यांची बचत करते. सिलिंडरमधील वायू नैसर्गिक वायूहून निराळा आहे. मात्र तोही देशाला अर्ध्याहून अधिक बाहेरूनच आणावा लागतो. कारखान्यांतील आयात वायूची जागा घ्यावयाची तर मोठी संयंत्रे हवीत, वायूतील कार्बन डायऑक्साइड व गंधकयुक्त वायू काढून टाकावे लागतात, आणि शुद्ध केलेला मिथेन नळात किंवा टाक्यांत दाबून भरावा लागतो. केंद्र शासनाने २०१८ साली यासाठी ‘सतत’ ही योजना सुरू केली. शहरांतील वायू कंपन्यांनी आपल्या वायूत असा शुद्ध बायोगॅस मिसळावा, असे बंधन २०२३ साली जाहीर झाले. २०२५-२६ मध्ये १ टक्क्यापासून आरंभ करून ते प्रमाण २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यावयाचे आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीने साखर कारखान्यांचे महत्त्व फार. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघते, आणि २५ टन प्रेसमडपासून सुमारे एक टन शुद्ध वायू मिळू शकतो. मद्यार्क प्रकल्पांच्या सांडपाण्यापासून वायू करून तो बॉयलरखाली जाळण्याची रीत तर आपल्या कारखान्यांत कित्येक वर्षांची आहे. येथे सभासद शेतकऱ्याने एक गोष्ट पाहावी. प्रेसमड आजवर शेतात खत म्हणून जात असे. वायू काढल्यानंतर उरलेले खत सभासदांच्या शेतावर परत येणार की नाही, हे कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारून घ्यावे.

हा प्रश्न डेन्मार्क देशात फार पूर्वी सोडविला गेला. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा तो देश जवळजवळ सर्वस्वी आयात तेलावर अवलंबून होता. १९८० नंतरच्या दशकात तेथील शेतकऱ्यांनी सामाईक संयंत्रे उभारण्यास सुरुवात केली. गाई व डुकरांचे पातळ शेणखत टाकीगाड्यांतून संयंत्रावर जाते, तेथे वायू काढला जातो, आणि त्याच गाड्या कुजलेली स्लरी शेतकऱ्यास परत आणून देतात. आरंभी या वायूवर गावांतील घरे उबदार ठेवण्यासाठी पाणी तापविले जाई. पुढे तो शुद्ध करून देशाच्या वायुवाहिनीत सोडला जाऊ लागला. २०२३ मध्ये तेथील वायूच्या वापरापैकी सुमारे दोन पंचमांश वाटा अशा बायोगॅसचा होता. २०२२ च्या टंचाईत या संयंत्रांचे मोल त्या देशास विशेष कळले. डेन्मार्कातील गोठे मोठे व बंदिस्त आहेत, शेण गोळा करण्याचा प्रश्न तेथे नाही. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. परंतु स्लरी परत मिळण्याची हमी हाच त्यांच्या व्यवस्थेचा कणा आहे, आणि तो घेण्याजोगा आहे.

स्लरी हेच मुख्य पीक

आयात वायूची खरी बचत लहान शेतकऱ्याच्या हातून होते ती शेगडीवर नव्हे, तर स्लरीत. रोज ५० किलो शेण टाकणाऱ्या संयंत्रातून वर्षाला जी स्लरी निघते, तीत सुमारे ४० किलो नत्र असते. एका गोणी युरियात सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे ही स्लरी दोन गोण्यांच्या जवळपास झाली, आणि त्या दोन गोण्यांपोटी ६० घनमीटर वायू लागला असता. शिवाय स्फुरद, पालाश व सेंद्रिय पदार्थ मिळतात ते निराळेच.

यावर कोणी म्हणेल की शेण उकिरड्यात टाकले असते तरी हे नत्र मिळालेच असते. हा आक्षेप काही अंशी योग्य आहे. परंतु शेणाच्या गोवऱ्या लावल्या तर त्यातील सर्व नत्र धुरावाटे जाते, आणि उघड्या उकिरड्यावर उन्हापावसात पडलेल्या शेणातील नत्राचाही पुष्कळ भाग उडून वा वाहून जातो. संयंत्रात नत्र टाकीतच राहते. इतकेच नव्हे, तर त्याचा काही भाग अमोनियाच्या रूपात येऊन पिकास लगेच उपयोगी पडतो.

हा अमोनियाच मोठा नाजूक आहे. स्लरी उघड्या खड्ड्यात उन्हाने वाळू दिली की तो हवेत निघून जातो, आणि शेतकरी वाळलेला ढेपा शेतात नेतो तेव्हा त्यात निम्माच कस उरलेला असतो. बहुतेक गावांत आज हेच घडते. यावर दोन उपाय आहेत. शेत संयंत्राजवळ व सखल असेल तर स्लरी पाटाच्या पाण्यात सोडावी. केळी, ऊस, चारापिके व भाजीपाला यांस ती फार मानवते. शेत दूर असेल तर निचरा टाकीशेजारी दोन खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या तळाशी पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा जनावरांनी टाकलेली वैरण वीतभर पसरावी, तीवर स्लरी येऊ द्यावी, पुन्हा काडीकचरा टाकावा, असे थर देत जावे. काडीकचरा स्लरी शोषून घेतो, नत्र धरून ठेवतो आणि स्वतःही कुजतो. खड्डा भरला की मातीने झाकून दुसरा सुरू करावा. खड्ड्यांवर पाचटाचे छप्पर असल्यास उत्तम. एक खड्डा भरेपर्यंत दुसऱ्यातील खत तयार होते.

संयंत्रास शौचालय जोडलेले असेल तर ताजी स्लरी पालेभाज्यांस व कच्च्या खाण्याच्या पिकांस देऊ नये. ती खड्ड्यात चांगली कुजवून मगच वापरावी. कोल्हापूर जिल्ह्यात अशी जोडसंयंत्रे मोठ्या संख्येने आहेत, आणि शेतकऱ्यांचा संकोचही आता पुष्कळ ओसरला आहे.

स्लरी दिली म्हणून युरिया एकदम बंद करणे शहाणपणाचे नाही. तिच्यातील सर्व नत्र पहिल्याच वर्षी पिकास लागू होत नाही. काही भाग जमिनीत राहून पुढील हंगामात मिळतो. कार्यकर्त्याने गावातील एका शेतकऱ्याच्या उसाचा किंवा मक्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा आखून घ्यावा. त्याचे दोन सारखे भाग करावे. एकास नेहमीचा युरिया द्यावा. दुसऱ्यास वर्षभराच्या खड्ड्यातील खत पेरणीपूर्वी मिसळून युरिया निम्म्यावर आणावा. बाकी पाणी, बियाणे व राखण सारखीच ठेवावी. काढणीच्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्यांस बोलावून दोन्ही भागांचे उत्पन्न त्यांच्यासमोर निरनिराळे वजन करावे, आणि गोण्यांचा खर्च व उत्पन्न त्यांनाच वहीत लिहू द्यावे.